सुताराच्या घरातला 'सिनेमा केसरी'

१४ जानेवारीला आपण नामविस्तार दिन साजरा करतो. १७ जानेवारीला रोहित वेमुलाच्या आठवणीने विद्यापीठांतली आपली पोरे रस्त्यावर येतात. या दोन तारखांच्या मधोमध १६ जानेवारी येते आणि मुकाट्याने निघून जाते. १९५४ साली याच दिवशी बाबूराव पेंटर कोल्हापुरात वारले. कोल्हापूरकर त्यांना कलामहर्षी म्हणतात, सिनेमाचे अभ्यासक त्यांचे नाव आदराने घेतात. पण आमच्या वाचकांपैकी किती जणांना हा माणूस ठाऊक आहे, याची आम्हाला शंका आहे.

आधीच स्पष्ट केलेले बरे. बाबूराव आंबेडकरी नव्हते. त्यांनी जन्मभर पुराणातल्या देवदेवतांचे, पतिव्रतांचे आणि राजेरजवाड्यांचे चित्रपट काढले. कोणालाही ओढून आपल्या मांडवात बसवायचे आणि मग त्याच्या फोटोला हार घालायचा, हा उद्योग अलीकडे फार वाढला आहे. आम्ही पेशाने वकील, पुराव्यापलीकडे बोलायची सवय नाही. तरीही या माणसाच्या आयुष्यात असे काही आहे, की ज्याचा जातीशी, कष्टाशी आणि कागदपत्राच्या दगाबाजीशी थेट संबंध पोहोचतो. म्हणून हे लिहीत आहोत.

पेंटर हे त्यांचे आडनाव नव्हे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे खरे नाव. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचाच. घर सुताराचे. वडील कृष्णराव हे लाकडात हात चालणारे, शिवाय चित्र आणि मूर्तिकामही जाणणारे कारागीर. बाबूरावांचा शाळेशी संबंध लवकर सुटला. कलेच्या शाळेची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. मेस्त्रींच्या पोराची शाळा म्हणजे वडिलांचे हत्यारांचे खोके आणि चुलतभाऊ आनंदराव यांची सोबत. दोघे भाऊ मिळून रंगवू लागले आणि गावाने दोघांनाही पेंटर म्हणायला सुरुवात केली. ज्या समाजात माणसाला जन्माने आडनाव चिकटते तिथे याने आपल्या कामाचे नाव लावले आणि ते जन्माच्या नावापेक्षा मोठे झाले, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

पण पोट कशावर चालायचे? नाटकाच्या पडद्यावर. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी कंपन्या जोरात होत्या. त्यांना राजवाडा हवा असे, घनदाट जंगल हवे असे, रस्ता हवा असे आणि हे सगळे कापडावर रंगवून हवे असे. आज ज्याला कमर्शियल आर्ट म्हणतात तो हाच धंदा. गिऱ्हाईक सांगेल ते, सांगेल त्या तारखेला, ठरलेल्या मजुरीत. भिंतीएवढ्या कापडावर उभे राहून रंगवायचे आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तो महाल खरा वाटला पाहिजे, याचा हिशेब डोळ्यात ठेवायचा. आनंदराव आणि बाबूराव या कामात पहिल्या रांगेचे गणले जात. नाटक गाजले की गाणाऱ्या नटाचे नाव व्हायचे, लेखकाचे व्हायचे. पडदा मात्र गुंडाळून बैलगाडीत पडायचा.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. तो पाहून या दोन भावांच्या डोक्यात सिनेमाने घर केले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखवायचे यंत्र मिळवले, ते खोलून पाहिले आणि ते कसे चालते याचा छडा लावला. दाखवायचे यंत्र समजले, पण चित्र घ्यायचा कॅमेरा कुठून आणायचा? परदेशी कॅमेऱ्याचे पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी तो घरीच बनवायला घेतला. या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या जोडीदाराबरोबर काम पुढे रेटले आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. सुताराचा आणि लोहाराचा हात, त्याला चित्रकाराचा डोळा. वर्णव्यवस्थेने हाताने राबणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवले आणि विद्या फक्त डोक्यात असते असे सांगितले. हा कॅमेरा त्या सांगण्याला कोल्हापुरात दिलेले उत्तर आहे, असे आम्ही समजतो.

इथे एक गोष्ट विसरू नये. सुतार बलुतेदार, पण स्पृश्य. त्याचा हात दरबारापर्यंत पोहोचू शकत होता. त्याच कोल्हापूर भागात चामड्यावर अप्रतिम काम करणारा चांभार आणि ढोर होता, दोर वळणारा मांग होता. त्यांच्या हातात कला कमी होती काय? कोल्हापुरी चप्पल जगभर गेली, पण ती बनवणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला आठवत नाही. २०२५ साली इटलीतल्या प्राडा कंपनीने तसलीच चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये मिरवली तेव्हाही आधी कोल्हापूरचा उल्लेख केला नव्हता, ओरड झाल्यावर केला. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती अशी असते. सुताराच्या पोराला जड दरवाजा ढकलावा लागला. चांभाराच्या पोराला दरवाजा कुठे आहे हेच कोणी दाखवले नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या, जो गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेत असे, ज्याने अस्पृश्यांच्या हाती वकिलीच्या सनदा ठेवल्या, त्या राजाच्या गावातली हवा निराळीच होती. आम्ही काळा कोट घालतो तेव्हा त्या सनदांची आठवण होते, म्हणून हे ओघात सांगितले. कंपनीत दामले सुतारांच्या जोडीने राबत, फत्तेलाल हे मुसलमान चित्रकार तिथेच शिकून मोठे झाले, शांताराम वणकुद्रे नावाचा पोर पडेल ते काम करत तिथेच घडला.

आणि भांडवल? ते घातले तानीबाई कागलकर या गायिकेने. गावातल्या प्रतिष्ठितांनी ज्या बायकांचे गाणे रात्री ऐकायचे आणि सकाळी त्यांना ओळख द्यायची नाही, त्यांपैकी एकीने आपला पैसा या वेड्या पेंटरच्या हाती दिला. नट्याही अशाच मिळाल्या. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, पुरुषाला लुगडे नेसवावे लागले होते. बाबूरावांनी पहिल्याच चित्रपटात गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोघींना उभे केले. त्या काळात सिनेमात काम करणारी बाई म्हणजे काय समजत ते वेगळे सांगायला नको. मराठी सिनेमाचा इतिहास लिहिताना या स्त्रियांना एक ओळ मिळते. आमच्या मते त्यांना एक प्रकरण मिळायला हवे होते.

आता १९२० सालाकडे या. ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले, शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ७ फेब्रुवारीला, पुण्याच्या आर्यन थिएटरात बाबूरावांचा पहिला मूकपट 'सैरंध्री' लागला. मार्चच्या २१ आणि २२ तारखेला कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली आणि महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगून टाकले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. दोन महिन्यांच्या आत, एकाच राजाच्या छायेत या तीन गोष्टी घडल्या. एकीकडे मुक्या समाजाचा नायक छापखान्यातून बोलू लागला, दुसरीकडे मुके चित्र पडद्यावर हलू लागले. दोघांचा एकमेकांशी संबंध आला असे आम्ही म्हणत नाही. पण शाहूंच्या चरित्रात आम्ही एक वाचतो आणि सिनेमाच्या पुस्तकात दुसरे, एकत्र कोणी ठेवत नाही.

'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, सुवर्णपदक दिले. गंमत बघा. अथणीच्या भाषणात कुणबी, तेली, तांबोळ्यांना कायदेमंडळात काय काम असे विचारणारे तेच टिळक. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ज्याने नकार दिला, तो त्यांचाच 'केसरी'. आणि त्याच 'केसरी'च्या नावाची पदवी सुताराच्या पोराला. द्रौपदीची कथा पडद्यावर आणणारा कारागीर चालतो, कायदेमंडळात बसणारा चालत नाही. बाबूरावांनी पदवी आनंदाने घेतली असणार आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

पुढची पाच वर्षे भरभराटीची गेली. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात रात्रीची दृश्ये चित्रित केली. 'सती पद्मिनी' आणि 'कल्याण खजिना' इंग्लंडातल्या वेंब्ले प्रदर्शनापर्यंत गेले आणि तिथे नावाजले गेले. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम थिएटरच्या बाहेर चालले होते. चित्रपटाची जाहिरात म्हणजे तोवर अक्षरे छापलेला कागद. बाबूरावांनी त्यावर चित्र आणले. प्रसंग रंगवून पोस्टर काढले, छायाचित्रे असलेली कथापुस्तके छापली, वाचता न येणाऱ्यालाही आत काय आहे ते भिंतीवरूनच कळेल अशी सोय केली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय सिनेमाच्या सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांपैकी मानले जाते. निरक्षर बहुजनाला गिऱ्हाईक म्हणून का होईना, पण कोणी तरी हिशेबात धरले.

त्या पोस्टरच्या वंशावळीत पुढे तालुक्यातालुक्यातला पेंटर जन्माला आला. आपल्या प्रत्येक वस्तीत असा एक होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, निवडणुकीच्या भिंती हे त्याचे पोट. आणि एप्रिल जवळ आला की उधारीच्या रंगात बाबासाहेबांचे भले मोठे चित्र, कधी नाक जरा लांब, कधी चष्मा तिरपा, पण निळा कोट हमखास बरोबर. मजुरी मागायची नाही, फार तर चहा. २००० सालानंतर फ्लेक्स आला आणि एका रात्रीत हे सगळे हात रिकामे झाले. चळवळीचा दृश्य इतिहास ज्यांनी भिंतीवर लिहिला, त्यांची यादी कोणाकडे नाही. आम्हीही ती कधी केली नाही, हे कबूल करतो.

आता 'सावकारी पाश'. १९२५ सालचा हा मूकपट नसता तर हा लेख आम्ही लिहिला नसता. कथा नारायण हरी आपटे यांची. एका गरीब शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शेतकरी मुंबईला जाऊन गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम, सावकार झुंझारराव पवार. देव नाही, राक्षस नाही, चमत्कार नाही. भारतीय सिनेमा तेव्हा मुख्यतः पुराणात रमला होता, तेव्हा या पेंटरने पडद्यावर फाटके धोतर आणले. ज्यांनी तो पाहिला त्यांनी एका दृश्याचे वर्णन करून ठेवले आहे. अंधारलेली झोपडी, मिणमिणता उजेड आणि बाहेर भेसूर रडणारे कुत्रे. आवाज नसलेल्या चित्रपटात कुत्र्याचे रडणे दाखवायचे, याला पडदे रंगवणाऱ्याचाच हात लागतो. उजेड किती ठेवायचा आणि काळोख किती, हे त्याने नाटकाच्या कापडावर शिकून घेतले होते.

विषय नवा नव्हता. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात शिरून आधी कागद जाळले होते. माणसे मारण्याऐवजी खतपत्रे जाळली, कारण मारेकरी कोण हे त्यांना नेमके कळले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये महात्मा फुल्यांनी सावकार, कुलकर्णी आणि कोर्टकचेरी यांची साखळी उघडी पाडली. बाबूरावांनी फुले वाचले होते की नाही, ते बाजूला ठेवू. पण त्यांचा चित्रपट त्याच साखळीवर बोट ठेवतो.

हे कागद आम्ही रोज पाहतो. सावकार आजही गहाणखत लिहून घेत नाही, सरळ खरेदीखत लिहून घेतो. कर्ज पन्नास हजार, खत दोन एकराचे, तोंडी कबुली अशी की पैसे फेडले की जमीन परत. तोंडाला स्टँप नसतो. दहा वर्षांनी पक्षकार आमच्या टेबलासमोर बसतो, खतावर त्याचाच अंगठा, दोन साक्षीदार सावकाराचेच, आणि आम्ही काय वाद करायचा? मुंबई सावकारी कायदा १९४६ सालचा, त्याच्या जागी महाराष्ट्राने २०१४ मध्ये नवा कायदा आणला. त्यात जिल्हा उपनिबंधकाला असले व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा अधिकार आहे. अधिकार आहे, पण अर्ज घेऊन तिथपर्यंत पोहोचणारे थोडे. सावकार त्याच गावात राहतो आणि पुढच्या पेरणीला पुन्हा त्याचेच दार वाजवायचे असते. शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटातली गोष्ट अजून आमच्या फायलीत आहे.

तरी एक प्रश्न विचारावाच लागतो. 'सावकारी पाश'चा नायक जमीनवाला शेतकरी आहे. त्याची जमीन गेली हे दुःख मोठेच. पण ज्याला जमीनच नव्हती, त्या गावकुसाबाहेरच्या माणसाचा पाश कोणी दाखवायचा? तो शेतकरी मुंबईला जाऊन गिरणीत लागू शकतो. त्याच गिरणीत आमच्या माणसाला विणकाम खात्यात मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि महाराचा स्पर्श इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कॅमेरा गिरणीच्या फाटकापर्यंत आला, आत साच्यापर्यंत गेला नाही. हे बाबूरावांवरचे दोषारोपपत्र नव्हे. त्या काळी तिथपर्यंत जायची बुद्धी दुसऱ्या कोणालाही झाली नव्हती.

'सावकारी पाश' चालला नाही. प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि बाबूराव पुन्हा पुराणाकडे, इतिहासाकडे वळले. कंपनीचे दिवसही फिरले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. थोड्याच काळात बाबूरावही आपल्याच कंपनीतून बाहेर पडले आणि बोलपटाच्या तोंडावर महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली. ज्याने कॅमेरा घडवला, पडदे रंगवले, पोस्टरे काढली, दिग्दर्शन केले, माणसे तयार केली, त्याच्या हाती शेवटी काय राहिले? कारागिराचा कसब त्याचा असतो, कारखाना नसतो.

१९३६ साली शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अपयशी ठरलेल्या विषयाकडे अकरा वर्षांनी पुन्हा वळणारा माणूस निव्वळ गल्ल्याचा विचार करत नसतो, एवढे आम्ही खात्रीने म्हणू. त्याच १९३६ मध्ये त्यांचे शिष्य दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि व्हेनिसपर्यंत पोहोचला. गुरू मात्र मागे पडत चालला होता.

१९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'साठी शांतारामांनी गुरूला पुन्हा बोलावले. तमाशावरचा हा चित्रपट तुफान चालला. महार, मांग, कोल्हाट्यांनी उभ्या केलेल्या कलेवरचा पहिला मोठा चित्रपट आणि नायक मात्र ब्राह्मण शाहीर! असो. त्यानंतर १९५२ चा 'विश्वामित्र' आपटला. सिनेमा तिथे संपला. उरली चित्रे आणि शिल्पे, जिथून सुरुवात झाली होती तेच काम.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत कोल्हापूरच्या बिंदू चौकात एक घटना घडली. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने तिथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना. बागल हे स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार. चित्रकारांच्या गावाने हे काम देशात सर्वांआधी केले. त्या चौकापासून दूर नसलेल्या आपल्या घरात बाबूराव तेव्हा साठीत होते.

१६ जानेवारी १९५४ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. त्यांनी घडवलेल्या मूकपटांपैकी फार थोडे तुकडे जतन झाले आहेत. १९२५ च्या 'सावकारी पाश'ची प्रत उरलेली नाही. झोपडी, मिणमिणता उजेड आणि रडणारे कुत्रे आता फक्त पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे. सावकाराने लिहून घेतलेली खते मात्र दुय्यम निबंधकाच्या दप्तरात नीट लाल फडक्यात बांधलेली सापडतात.